गाडी किती खाली बसवायची? लोअरिंग स्प्रिंगचं साधं गणित

गाडीला लोअरिंग स्प्रिंगा टाकायच्या म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "किती खाली बसेल?" पंचवीस, तीस, चाळीस मिलिमीटर! जितका आकडा मोठा तितका फोटो भारी. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा हवा की गाडी खाली बसल्यावर चाकाला वर यायला जागा किती उरेल? या लेखात मी एवढंच सांगणार आहे. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

विषय माझ्याकडे आला तो घरातूनच. आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेत राहतो. माझा चुलत भाऊ, म्हणजे दादा, याचा टॉवेलचा छोटा धंदा आहे. त्याने मागच्या वर्षी टर्बो पेट्रोल सेडान घेतली, सेकंडहँड. गाडी पळते मस्त, पण दादाला ती "उंटासारखी उंच" वाटते. मग एक दिवस म्हणाला, "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग की कुठली स्प्रिंग घेऊ ते." आता याच गाडीतून रोज अक्कलकोट रोड एमआयडीसीला जाणं-येणं, डिकीत टॉवेलचे गठ्ठे, आणि दर गुरुवारी आजीला फिजिओथेरपीला नेणं. आजीच्या कमरेचं दुखणं जुनं आहे. म्हणजे प्रश्न नुसता फोटोचा नव्हता. म्हणून मी मशीन डिझाइनचं पुस्तक उघडलं (परीक्षा नसताना! आईला आश्चर्यच वाटलं).

एक आधीच सांगते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे लेखात इंग्रजी शब्द बरेच येतील. सांभाळून घ्या.

गाडी कोणती धरायची?

आपल्याकडे खरी स्पोर्ट्स सेडान कमीच. स्कोडाने २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५ भारतात आणली ती फक्त २०० गाड्यांपुरती. त्यामुळे हौशी मंडळींची नजर जाते ती दीड लिटर टर्बो सेडानकडे. २०२२ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया या दोन्ही गाड्या आपल्या पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यातल्या. दीड लिटर इंजिन, १५० पीएस ताकद, व्हीलबेस २६५१ मि.मी., आणि व्हर्टसचा रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १७९ मि.मी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे ट्विस्ट बीम. दादाची गाडी याच वर्गातली आहे, म्हणून पुढची गणितं मी साधारण अशाच गाडीची केली आहेत. स्प्रिंगचे आकडे मात्र हिशेबाला सोपे म्हणून मीच धरलेले आहेत, कुठल्या कंपनीच्या ड्रॉइंगमधले नाहीत.

स्प्रिंगचा रेट कशावर ठरतो?

रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये सांगून ठेवलंय की स्प्रिंग जितकी दाबाल तितका जोर ती परत लावते. एक मि.मी. दाबायला किती न्यूटन लागतात तो झाला रेट. कॉइल स्प्रिंगसाठी सूत्र असं:

रेट = (जी × तारेच्या व्यासाचा चौथा घात) ÷ (८ × वेढ्याच्या सरासरी व्यासाचा घन × चालू वेढे)

इथे जी म्हणजे पोलादाचा शिअर मोड्युलस, स्प्रिंगच्या पोलादाला साधारण ७९,००० न्यूटन प्रति चौरस मि.मी. समजा तार १२ मि.मी., वेढ्याचा व्यास १२० मि.मी. आणि चालू वेढे ५. आकडे घाला, रेट येतो २३.७ न्यूटन प्रति मि.मी. या एका स्प्रिंगवर गाडीचं ३६०० न्यूटन वजन असेल (म्हणजे साधारण ३६७ किलो), तर ती १५२ मि.मी. दाबली जाणार. मोकळी लांबी ३३० असेल तर गाडी उभी असताना स्प्रिंगची उंची १७८ मि.मी.

सूत्राकडे नीट बघा. तारेचा व्यास चौथ्या घातात आहे. १२ च्या जागी १३ ची तार घेतली की रेट जवळजवळ ३८ टक्के वाढतो! म्हणून दुकानात नुसती डोळ्याने बघून "ही जाड आहे, चांगली आहे" असं म्हणण्यात अर्थ नाही.

एक वेढा कापला तर?

हा प्रश्न प्रत्येक गॅरेजमध्ये निघतो. दादालाही एका मिस्त्रीने सांगितलं होतं, "कशाला पैसे घालवता, एक वेढा कापतो, अर्ध्या दिवसात गाडी खाली." खर्च जवळजवळ नाही. मग कापायचा का? बघूया.

वेढे ५ चे ४ झाले, तर रेट होतो २९.६, म्हणजे २५ टक्के कडक. एका वेढ्याबरोबर मोकळी लांबी समजा ६० मि.मी. ने कमी झाली, तर ती उरली २७०. तेच ३६०० न्यूटन वजन आता स्प्रिंगला १२२ मि.मी. दाबतं. उंची १४८. गाडी बसली ३० मि.मी. खाली. वा! हवं ते मिळालं की?

थांबा. आता गाडी जॅकवर उचला, किंवा चाक खोल खड्ड्यात लटकू द्या. शॉकअप पूर्ण उघडला तरी मूळ स्प्रिंग त्यात थोडी दाबलेलीच राहते, म्हणूनच ती जागेवर बसून असते. समजा त्या स्थितीत स्प्रिंगसाठी २९५ मि.मी. जागा आहे. मूळ ३३० ची स्प्रिंग तिथे ३५ मि.मी. दाबलेली असेल. कापलेली २७० ची स्प्रिंग मात्र २५ मि.मी. सुटी! म्हणजे खड्ड्यात चाक लटकलं की स्प्रिंग बैठकीतून सुटणार, फिरणार, आणि चाक परत वर येताना नीट बसली तर बसली. कापलेलं टोक बैठकीच्या आकाराचं नसतं, ते वेगळंच. आणि गॅस कटरने कापलं तर त्या उष्णतेने तिथल्या पोलादाचा टेम्पर जातो, वरचा रंग जळतो, गंज लागतो. स्प्रिंग तुटते ती बऱ्याचदा अशाच जागी.

चांगल्या तयार लोअरिंग स्प्रिंगेत याच अडचणीवर उपाय केलेला असतो. काही वेढे मुद्दाम जवळजवळ ठेवलेले असतात. गाडीच्या वजनाने ते एकमेकांना टेकतात, पण चाक लटकलं की उघडतात आणि स्प्रिंग जागेवर धरून ठेवतात. यालाच प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग म्हणतात. म्हणून पहिला नियम: वेढा कापायचा नाही. हौसेच्या पैशात बचत करा, पण इथे नको.

खरा मुद्दा: उरलेला ट्रॅव्हल

आता मूळ प्रश्नाकडे येते. चाक खड्ड्यातून किंवा उंचवट्यावरून जातं तेव्हा ते वर येतं. वर येण्याची हद्द असते बंप स्टॉप, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरचा तो रबराचा किंवा फोमचा गुटका. तिथपर्यंत जी जागा आहे तो आपला ट्रॅव्हल. समजा मूळ गाडीत उभ्या स्थितीपासून ८० मि.मी. जागा आहे. गाडी ३० मि.मी. खाली बसवली की बॉडी चाकाच्या ३० मि.मी. जवळ आली. उरले ५०.

"पण स्प्रिंग कडक आहे ना, मग ती कमी दाबेल," असं दादा म्हणाला. बरोबर आहे. पण किती कडक हवी? उभ्या स्थितीपासून वर जाताना स्प्रिंग जी ऊर्जा पचवते ती म्हणजे रेटचा अर्धा × अंतराचा वर्ग. ८० मि.मी. मध्ये जेवढी पचत होती तेवढीच ५० मध्ये पचवायची तर रेट (८० ÷ ५०) चा वर्ग, म्हणजे २.५६ पट हवा! अडीच पट कडक स्प्रिंगची गाडी रोज कोण चालवणार? आजी तर नक्कीच बसणार नाही.

हेच गणित वेगवेगळ्या आकड्यांना केलं तर:

१५ मि.मी. खाली: रेट १.५ पट हवा
२५ मि.मी. खाली: रेट २.१ पट हवा
३० मि.मी. खाली: रेट २.५६ पट हवा
४० मि.मी. खाली: रेट ४ पट हवा

रस्त्यावर चालवायच्या लोअरिंग स्प्रिंगा एवढ्या कडक कधीच नसतात, नाहीतर गाडी बैलगाडी होईल. म्हणजे गाडी खाली बसवली की साठवणीतली थोडी ऊर्जा आपण खर्च करूनच टाकलेली असते. ती किती खर्च करायची हे आपल्या हातात आहे, पण खर्च होतेच. आणि बंप स्टॉपवर गाडी आदळली की रेट एका क्षणात कित्येक पट होतो. तो धक्का बॉडीला, टायरला, आणि मागे बसलेल्याच्या कण्याला. "लोअर केल्यावर गाडी कडक झाली" असं लोक म्हणतात तेव्हा बऱ्याचदा स्प्रिंग कडक नसते, गाडी रबरावर चालत असते!

काही किटमध्ये आखूड बंप स्टॉप येतात. ते किट बनवणाऱ्याने हिशेब करून दिलेले असतील तर वापरा. पण स्वतः ब्लेडने रबर कापून जागा "वाढवणं" म्हणजे टायर आतल्या पत्र्याला लागायची किंवा शॉकअप आतून ठोकायची वाट मोकळी करणं आहे.

आपले गतिरोधक

आता रस्त्याकडे बघू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या, १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गतिरोधकाचं माप दिलंय: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सें.मी., गोलाईची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटरने ओलांडता यावा असा.

२.६५ मीटर व्हीलबेसची गाडी अशा गतिरोधकावर पूर्ण चढली की चारही चाकं त्याच गोलाईवर असतात. मग पोटाखाली उंचवटा किती येतो? १.३२५ चा वर्ग भागिले (२ × १७), म्हणजे ०.०५२ मीटर. फक्त ५२ मि.मी.! म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर खाली बसवलेली गाडीसुद्धा आरामात जाईल.

पण आपल्या गल्लीतले गतिरोधक कसे असतात ते तुम्हाला माहीतच आहे. हातभर रुंद, वर टोकदार, रातोरात कुणीतरी सिमेंट ओतून केलेले. अशा वेळी पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, दोन्ही सपाट रस्त्यावर, आणि मधला उंचवटा पूर्णच्या पूर्ण पोटाखाली. १२ सें.मी. उंच असेल तर १२ सें.मी. जागा हवीच.

हिशेब करा. रिकाम्या गाडीचे १७९ मि.मी. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान मिळून मागच्या अॅक्सलवर २०० किलो वाढले, आणि मागच्या दोन्ही स्प्रिंगांचा मिळून रेट ५० धरला, तर मागची बाजू ४० मि.मी. बसते. पुढची १० बसली असं धरलं तर मध्ये सरासरी २५. उरले १५४. गाडी ३० मि.मी. खाली बसवलेली असेल तर १२४. म्हणजे १२ सें.मी.च्या गतिरोधकावर ४ मि.मी. शिल्लक. आणि पुढची चाकं उतरताना गाडी नाक खाली घालते ते वेगळंच. संपला विषय!

सोलापूर भागातली काळी माती हे आणखी एक कारण. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता खालून पुरेसा पक्का केला नसेल तर लाटांसारखा होतो. खड्डा दिसतो तरी, लाट दिसत नाही. वेगात गेलं की गाडी वर-खाली झुलते आणि ट्रॅव्हल भराभर संपतो. म्हणून जर्मनीतल्या गुळगुळीत रस्त्यावर जो आकडा छान चालतो तोच इथे चालेल असं समजू नका.

खाली बसवून मिळतं तरी काय?

फायदा अजिबात नाही असं नाही. गुरुत्वमध्य खाली येतो. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं ते असं: वजनाचा वाटा = आडवा वेग-बदल (जी मध्ये) × गुरुत्वमध्याची उंची ÷ दोन चाकांमधलं अंतर. गुरुत्वमध्य ५५० मि.मी., चाकांमधलं अंतर १५१० मि.मी. आणि अर्धा जी धरला तर १८.२ टक्के वजन सरकतं. २५ मि.मी. खाली बसवल्यावर १७.४ टक्के. एवढाच फरक! रोजच्या रस्त्यावर जो फरक जाणवतो तो गाडी कमी कलते याचा, आणि त्यात कडक स्प्रिंगचा हात मोठा असतो.

उलट मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत एक गोम आहे. खालचा आर्म उभ्या गाडीत साधारण आडवा असतो, किंवा चाकाकडे थोडा उतरता. गाडी जास्त खाली बसवली की तोच आर्म चाकाकडे चढता होतो. मग रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. या दोघांमधलं अंतर वाढलं की गाडीला कलायला जास्त मोठी फूट मिळते. म्हणजे गुरुत्वमध्य खाली आणून जे कमावलं ते इथे गमावलं. थोडं खाली बसवणं आणि खूप खाली बसवणं यात हा फरक आहे. फोटोत तो दिसत नाही.

शॉकअपचं काय?

स्प्रिंग ऊर्जा साठवते, शॉकअप ती संपवतो. दोघांची जोडी असते. रेट २५ टक्के वाढला की तेवढंच नियंत्रण ठेवायला शॉकअपची ताकद वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे १.२५ चं वर्गमूळ काढून, साधारण १२ टक्के वाढायला हवी. जुनाच शॉकअप ठेवला तर डॅम्पिंग रेशो समजा ०.३० असेल तो ०.२७ होतो. नवीन शॉकअपला हे चालून जातं. पण साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेल्या, तेल पाझरणाऱ्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग लावली की गाडी उडतच राहते. शिवाय शॉकअप आता रोज वेगळ्याच जागी, दांडा जास्त आत जाऊन काम करतो.

झुलण्याची गती म्हणाल तर आपल्या उदाहरणात स्प्रिंग १५२ मि.मी. दाबलेली असताना सेकंदाला १.२८ झोके येतात, १२२ ला १.४३. इथे एक जुना नियम आहे. जनरल मोटर्सच्या मॉरिस ओली यांनी १९३० च्या दशकात दाखवलं की मागच्या चाकांची झुलण्याची गती पुढच्यांपेक्षा थोडी जास्त ठेवली तर गाडी पुढे-मागे डोलत नाही, कारण उंचवटा पुढच्या चाकांना आधी लागतो आणि मागच्यांनी ते गाठायचं असतं. म्हणून फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या स्प्रिंगा बदलू नका. चारही एकाच किटच्या हव्यात.

झिप टायचा प्रयोग

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. तुमच्या गाडीत, तुमच्या रस्त्यावर, तुमच्या वजनाला ट्रॅव्हल किती शिल्लक राहतो हे पाच रुपयांच्या झिप टायने कळतं.

गाडी सपाट जागी उभी करा, रोज असतं तेवढं वजन टाका. शॉकअपच्या दांड्यावरचं धुळीचं रबरी आवरण वर सरकवून टेपने बांधा. दांड्यावर झिप टाय घट्ट बसवा आणि तो खाली शॉकअपच्या बॉडीला टेकवा. आता आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा. चाक वर आलं की बॉडी टायला वर ढकलते आणि टाय तिथेच राहतो. आठवड्यानंतर दोन अंतरं मोजा. बॉडीपासून टायपर्यंत म्हणजे वापरलेला ट्रॅव्हल. टायपासून बंप स्टॉपच्या खालच्या टोकापर्यंत म्हणजे शिल्लक. झालं की आवरण परत खाली ओढायला विसरू नका. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका, वर्कशॉपमध्ये सर सांगतात तेच!

दादाच्या गाडीला आम्ही आठ दिवस टाय लावले. पुढे शिल्लक निघाली २६ मि.मी. मागे, गठ्ठे आणि आजी असताना, ६० पैकी ४८ वापरले गेले होते, शिल्लक १२.

आता २५ टक्के कडक स्प्रिंग धरून हिशेब केला. तेवढाच धक्का पचवायला ४८ ऐवजी ४३ मि.मी. लागतील. वजनाने गाडी ४० ऐवजी ३२ बसेल, म्हणजे ८ वाचले. एकूण जागा ६८, त्यातून ४३ गेले, उरले २५. (मागचा शॉकअप कलता असेल तर चाकाचं आणि शॉकअपचं अंतर सारखं नसतं, तेही धरावं लागतं. इथे मी सारखं धरलंय.)

याचा अर्थ सरळ आहे. २५ मि.मी.ची स्प्रिंग लावली तर रोजच्याच रस्त्यावर शिल्लक शून्य. दादाला हवी होती ४० ची. त्यात गाडी रोज १५ मि.मी. रबरात घुसणार. १५ ची लावली तर १० मि.मी. हाताशी. आणि पाच माणसं घेऊन तुळजापूरला जायचं, घाट चढायचा, तर तेही हवेतच.

कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे पण वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका खटल्यात हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून पैसे भरण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारून घ्या. "सगळेच करतात" हे उत्तर अपघातानंतर क्लेमच्या फॉर्मवर लिहिता येत नाही.

जर्मनीत चांगल्या स्प्रिंगांबरोबर टीयूव्हीचा कागद येतो. आयबाख ही १९५१ पासूनची तिथली जुनी कंपनी, तिच्या रस्त्यावरच्या किटनाही असे कागद असतात. त्यावर ती स्प्रिंग कोणत्या मॉडेलला आणि पुढच्या-मागच्या अॅक्सलवर किती वजनापर्यंत चालेल ते छापलेलं असतं. त्या कागदाने इथली परवानगी मिळत नाही, पण निवड करताना तो अॅक्सलच्या वजनाचा आकडा फार मोलाचा आहे. ज्या डब्यावर फक्त "४० मि.मी. लो" लिहिलंय आणि अॅक्सलचं वजन कुठेच नाही, तो डबा परत ठेवा.

थोडक्यात, निवडताना

१. आधी झिप टाय, मग दुकान. मोजमाप भरलेल्या गाडीत घ्या, रिकाम्या नाही.
२. रोजच्या गाडीला आपल्या रस्त्यांवर १५ ते २० मि.मी.च्या वर जाण्याआधी दहादा विचार करा.
३. स्प्रिंग तुमच्या मॉडेलची, तुमच्या इंजिनची हवी. डिझेल आणि पेट्रोलच्या गाडीत पुढचं वजन वेगळं असतं.
४. चारही स्प्रिंगा एका किटच्या. रेट आणि अॅक्सलचं वजन लेखी मागा.
५. शॉकअप जुने असतील तर आधी ते. बंप स्टॉपचे गुटके भुगा झालेत का तेही बघा.
६. बसवल्यावर गाडी आठवडाभर चालवून मग अलाइनमेंट करा. हेडलाइटचा झोतही तपासा, पुढची-मागची बाजू सारखी बसली नसेल तर समोरच्याच्या डोळ्यात जातो. गाडीत कॅमेरा किंवा रडारवर चालणाऱ्या सोयी असतील तर त्यांचं कॅलिब्रेशन विचारा.
७. वेढा कापायचा नाही. (हे परत लिहिलंय, मुद्दाम.)

दादाच्या गाडीला बसेल अशी, कागदासकट १५ मि.मी.ची स्प्रिंग काही मिळाली नाही. मागचे दोन्ही गुटके मात्र काढून बघितले तर अर्धे झडलेले होते, आणि शॉकअपही थकलेले. त्याने मूळ मापाचेच नवे शॉकअप आणि गुटके टाकले, अलाइनमेंट केली. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पुणे रोडला चक्कर मारून आला आणि म्हणाला, "वळणावर बरीच सुधारली की गं." गाडी अजून "उंट"च आहे. आजी गुरुवारी मागच्या सीटवर बसते आणि गतिरोधक आला की आता समोरच्या सीटचा आधार धरत नाही.

तुमच्यापैकी कुणाकडे गाडी असेल, किंवा घरच्यांची असेल, तर एक आठवडा झिप टाय लावून बघा आणि आकडे मला सांगा. पुढे-मागे किती वापरला, किती उरला, गाडीत माणसं किती होती, रस्ता कुठला. दहा-बारा गाड्यांचे आकडे जमले तर प्रोजेक्टला चांगला विषय होईल. मी दुपारी बहुतेक वर्कशॉपमध्ये किंवा लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये सापडते.